एकाच नंबरच्या दोन केबली

कापूरहोळच्या फाट्यावर, भोरचा रस्ता वळतो तिथून जरा पुढे, माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. एका बाजूला पंक्चरवाला, दुसऱ्या बाजूला मिसळीचं हॉटेल. त्याआधी नऊ वर्षं मी पुण्यात एका कंपनीत सर्व्हर सांभाळायचं काम करत होते. आईच्या आजारपणात भोरला आले आणि मग परत गेले नाही. दुकानात प्रिंटर, कॅमेरे, शाळेतले कॉम्प्युटर असं सगळं येतं. सर्व्हरवर चालते त्या लिनक्स सिस्टीमवरचं काम इथे कुणी मागत नाही. त्यामुळे माझ्या मामांनी तसलं काम मागितलं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्याचाही या गोष्टीत वाटा आहे, म्हणून आधी सांगते.

मामा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. निवृत्त झाल्यावर वेल्हे तालुक्यातल्या आपल्या वस्तीवर राहायला गेले. मार्गासनीच्या पुढे आत गेलं की एक ओढा लागतो, ओढ्यावर फरशी आहे, आणि फरशी ओलांडून चढ चढला की वस्ती. पंधरा-सोळा घरं, एक विहार, विहारामागे पाण्याची टाकी. फरशी म्हणजे काय, तर ओढ्याच्या तळाशी घातलेला सिमेंटचा रस्ता. कठडा नाही, काही नाही. पावसाळ्यात पाणी तिच्यावरून जातं. वस्तीवर आणि वरच्या दोन वाड्यांवर गाडी जायला तेवढी एकच वाट.

त्या ओढ्याचं एक वाईट होतं. पाऊस वर डोंगरात पडायचा आणि खाली वस्तीवर नुसती भुरभुर असायची, कधी चक्क ऊन असायचं. पाणी मात्र यायचं, आणि सांगून यायचं नाही. एका वर्षी मामांच्या शेजाऱ्याची म्हैस नेली. एका वर्षी शाळेतून येणारी दोन मुलं पलीकडेच अडकली आणि सबंध दुपार एका दगडावर बसून राहिली. त्यानंतर मामांनी मला फोन केला.

"वर बंधाऱ्यापाशी पाणी किती आहे ते कळलं, तर हितं खाली दिवा लावता येईल का गं?" त्यांनी विचारलं. "पाणी चढलं की लाल, न्हाईतर हिरवा. यष्टीच्या स्टँडवर असतो तसा."

मी म्हणाले, "येईल की मामा. त्यात काय."

आम्ही ते उन्हाळ्यात उभं केलं. बंधाऱ्यावर एक लोखंडी दांडा काढून त्याला सेन्सर लावला. तो वरून पाण्याकडे बघतो आणि पाणी आपल्यापासून किती लांब आहे ते सांगतो. तिथून वायर खांबाखांबांवरून विहाराशेजारच्या खोलीत आणली. खोलीत माझ्याकडचा एक जुना कॉम्प्युटर ठेवला, त्यावर लिनक्स टाकली. फरशीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन दिवे उभे केले. हे चालू असताना मामा म्हणाले, एवढं करतेयस तर टाकीत पण एक डोळा बसव, टाकी भरली की मोटर आपोआप बंद होऊ दे, रोज भरून वाहते. म्हणून तसलाच दुसरा सेन्सर टाकीच्या झाकणाखाली बसवला. दोन्ही वायरी खोलीत आल्या, आणि दोन सारख्या कन्व्हर्टर केबलींनी कॉम्प्युटरच्या मागे जोडल्या.

आता इथे थोडं समजावून सांगायला हवं, कारण पुढे जे झालं ते सगळं या दोन केबलींमुळे झालं.

कॉम्प्युटरला एखादी वस्तू जोडली की ते सगळ्यात आधी कळतं कर्नलला. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा आतला गाभा. तो त्या वस्तूला एक साधं नाव देतो, आल्याच्या क्रमाने. पहिली आली ती शून्य, नंतर आली ती एक. याहून जास्त तो स्वतः ठरवत बसत नाही. तो फक्त बाहेर वर्दी देतो की अशी अशी वस्तू आली आहे. बाहेर, जिथे आपले रोजचे प्रोग्रॅम चालतात तिथे, यूडेव्ह नावाचा एक प्रोग्रॅम ही वर्दी ऐकत बसलेला असतो. वस्तू काढली तरी वर्दी, जोडली तरी वर्दी. त्याच्याजवळ नियमांच्या फायली असतात. या कंपनीची, या सिरियल नंबरची वस्तू आली तर तिला हे कायमचं नाव द्या, तिला हात लावायची परवानगी या माणसाला द्या, ती आल्यावर हा प्रोग्रॅम चालू करा. असा नियम लिहून ठेवला असेल, तर ती वस्तू आधी येवो की नंतर, तिचं नाव बदलत नाही. नियम नसेल, तर जो आधी येईल तो शून्य.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पुण्यात मी हेच करत होते. मी नियम लिहायलाही बसले होते. पण दोन्ही केबली एकाच बनावटीच्या, स्वस्तातल्या, आणि बघते तर दोघींचा सिरियल नंबर एकच. कारखान्यात सगळ्यांवर एकच नंबर मारून टाकलेला. जुळ्या मुली एकाच नावाने शाळेत घातल्यासारखं. नंबरावरून नियम लिहिता येत नव्हता. दुसरा मार्ग होता. कॉम्प्युटरच्या मागच्या कुठल्या भोकात केबल खोचली आहे, त्यावरून नाव बांधायचं. त्याला जरा खटपट होती. संध्याकाळ होत आली होती, मला भोरला परत जायचं होतं, मामा चहा घेऊन उभे होते. मी प्रोग्रॅममध्ये सरळ लिहून टाकलं, शून्य म्हणजे ओढा, एक म्हणजे टाकी. चारदा बंद करून चालू केलं, चारही वेळा बरोबर आलं. वहीत लिहिलं, "नावं भोकाप्रमाणे बांधायची आहेत." आणि निघाले.

पहिला पावसाळा उत्तम गेला. तीनदा की चारदा दिवा लाल झाला, आणि प्रत्येक वेळी खरंच पाणी आलं. लोक दिव्याशी थांबायला लागले. मला फोन यायचे. वरच्या वाडीतली एक म्हातारी मला लग्नात भेटली तर तिने माझा हात धरून ठेवला.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो दुधाच्या टेम्पोवाल्याला. तो पलीकडच्या गावचा, शेतकरी घरातला, चाळिशीचा माणूस. सकाळ-संध्याकाळ वरच्या वाड्यांचं दूध न्यायचा. मी त्याला दादा म्हणायचे, तो मला ताई. दिवा लागायच्या आधी त्याची एक सवय होती. फरशीच्या अलीकडे टेम्पो उभा करायचा, इंजिन बंद करायचा, खाली उतरून अर्धं मिनिट नुसता उभा राहायचा. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाला, "ऐकतोय. पानी वाढाय लागलं की तळाचं दगड एकमेकांवर आपटत्यात. तसला आवाज आला की म्या टेम्पो घालत न्हाई." दिवा लागल्यावर त्याची ती सवय गेली. दुसऱ्या उन्हाळ्यात मी तिथे असताना तो गाणी लावून, न थांबता, मला हात करत फरशीवरून गेला. मला अभिमान वाटला.

दुसऱ्या वर्षी जून संपता संपता पहिली तक्रार आली. ती आली मावशीकडून. वस्तीवर पाणी सोडायचं काम या मावशीकडे होतं. सगळे तिला मावशीच म्हणायचे. साठीची असेल, बारीक, बोलणं थोडं. मोटर चालू करणं, टाकी बघणं, चावी फिरवणं हे ती वीस वर्षं करत होती. माझं यंत्र आल्यापासून तिचं निम्मं काम कमी झालं होतं, आणि त्याबद्दल ती मला कधी बरं बोलली नव्हती की वाईट.

"पोरी, तुझं यंत्र पाऊस आला की मोटर बंद करतंय," ती फोनवर म्हणाली.

मी म्हणाले, "पावसाचा आणि मोटरचा काही संबंध नाही मावशी. लाईट जात असेल."

"लाईट हाय. वर डोंगरात काळं झालं की मोटर बंद. अन् टाकीत पानी न्हाई."

"टाकी भरली असं दाखवत होतं का?"

"त्ये मला वाचता येत न्हाई. पर टाकी रिकामी हाय, म्या झाकण काढून बघितलं."

मी रविवारी गेले. खोलीत शिरल्याबरोबर मी तेच केलं जे या धंद्यातला प्रत्येक जण करतो. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग बघितलं, तर ओढा ओढ्याच्या जागी, टाकी टाकीच्या जागी, सगळं बरोबर. टाकीचा सेन्सर पुसला, वायर घट्ट केली. मावशीला न वाचता कळावं म्हणून पडद्यावर टाकीचं आणि ओढ्याचं चित्र काढलं, पाणी चढेल तसं निळं वर चढणारं. मावशी दारात उभी होती.

"सापडलं?" तिने विचारलं.

"झाकणाखाली वाफ धरते, त्याने चुकीचं वाचत असेल," मी म्हणाले.

ती नुसती बघत राहिली. मला तिचा राग आला होता, हे मला चांगलं आठवतं.

पुढच्या आठवड्यात मामांचा फोन. चांगलं ऊन पडलं होतं, ओढ्याला घोट्याएवढंही पाणी नव्हतं, आणि दिवा लाल. त्याच वेळी टाकी भरून वाहत होती, मोटर काही थांबत नव्हती. दोन माणसं फरशीपाशी थांबली, मग हसून चालत गेली. अर्ध्या तासाने लाईट गेली, आली, आणि सगळं आपोआप ठीक झालं. मामा म्हणाले, "दिव्यात पाणी गेलं असणार. म्या खोलून सुकवून बसवलाय."

मी दुकानात होते. समोर एका शाळेचे सहा कॉम्प्युटर उघडून ठेवले होते. मी म्हणाले, "बरं केलंत मामा."

पाऊस आला की टाकी भरल्यासारखी दिसते, आणि टाकी भरली की ओढा चढल्यासारखा दिसतो. या दोन वाक्यांत सगळं होतं. ती दोन्ही वाक्यं मला दोन माणसांनी स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. मी ती एकमेकांशेजारी ठेवून बघितली नाहीत.

ती दुपार जुलैमधली. कापूरहोळला पाऊस नव्हता, नुसतं दाटून आलं होतं. साडेतीनच्या सुमाराला मावशीचा फोन आला.

"मोटर बंद पडलीय," ती म्हणाली. "सकाळी लाईट गेली हुती. आता लाईट हाय, मोटर न्हाई."

"मावशी, खोलीतला कॉम्प्युटर बंद करून..."

"थांब," ती म्हणाली. "म्या त्याच्याम्होरंच हाय. तू चित्र काढून दिलंयस न्हवं, टाकीचं? निळं वर चढतं त्ये? त्ये निळं वर चढतंय."

"म्हणजे टाकी भरतेय."

"मोटर बंद हाय, पोरी. कशानं भरंल?"

मी हातातलं काम थांबवलं.

"माझ्या डोळ्यांदेखत चढतंय," मावशी म्हणाली. "आत्ता निम्म्यावर हुतं, आता गळ्याशी आलं. टाकीत तर कळशीभर बी न्हाई."

मला आठवतं, माझ्या हातात पेचकस होता आणि तो मी फार हळू खाली ठेवला. मोटर बंद असताना टाकी भरत नाही. मग जे भरतंय ते टाकी नाही. सकाळी लाईट आली तेव्हा दोन केबलींपैकी टाकीची आधी जागी झाली होती. ती झाली शून्य. मावशी टाकीच्या चित्रात ओढा बघत होती.

"मावशी, दिवा कोणता आहे?"

ती दारात गेली असावी. "हिरवा."

"खाली पळा. फरशीवर कुणाला येऊ देऊ नका. दिव्याकडे बघू नका, दिवा खोटा आहे. मामांना हाक मारा. वरून पाणी येतंय."

तिने एकही प्रश्न विचारला नाही. फोन तसाच ठेवून गेली, बंद न करता. मला तिच्या चपलांचा आवाज आला, मग लांबून हाक ऐकू आली, मग नुसती खोली. कॉम्प्युटरच्या पंख्याची घरघर मला फोनमध्ये ऐकू येत होती.

मी मिसळवाल्याचा मोबाईल मागून घेतला आणि टेम्पोवाल्या दादांना लावला. रिंग वाजली. परत लावला. परत वाजली. तो मोबाईल घेऊनच मी स्कूटर काढली. नसरापूरवरून आत वळले, रस्ता कोरडा होता. आंबवण्याच्या पुढे बायका लावणीला वाकलेल्या होत्या, एक माणूस बांधावर बसून भाकरी खात होता. सगळं इतकं नेहमीसारखं होतं की एकदा मला वाटलं, आपलंच चुकलं असेल, मावशीने चित्र चुकीचं वाचलं असेल. मार्गासनीच्या पुढे मात्र समोरचा डोंगर दिसेना. तो होता तिथे नुसतं काळं होतं.

मी पोचले तेव्हा फरशी दिसत नव्हती. दोन्ही बाजूंचे दिवे पाण्याच्या वर उभे होते, दोन्ही हिरवे, स्वच्छ, मामांनी पुसून ठेवलेले. पाणी तांबडं होतं आणि त्याच्यातून झाडाच्या फांद्या जात होत्या. खाली पन्नासएक पावलांवर, एका मोठ्या करंजाला आणि एका धोंड्याला अडकून टेम्पो आडवा पडला होता. दुधाचे कॅन नव्हतेच. टेम्पोच्या वरच्या बाजूला दादा पोटावर पडून होते, आणि त्यांचा उजवा हात खाली, टेम्पो आणि धोंडा यांच्या मधे होता. ते ओरडत नव्हते. पलीकडच्या काठावर मामा आणि वस्तीतले चार-पाच जण दोर टाकत होते. मावशी गुडघाभर पाण्यात उभी होती, एका हाताने झुडूप धरून, आणि दादांशी बोलत होती. काय बोलत होती ते ऐकू येत नव्हतं. ती थांबली नाही एवढं मात्र दिसत होतं.

नंतर कळलं ते असं. मावशी उतारावरून पळत खाली आली तेव्हा टेम्पो मार्गासनीच्या बाजूने फरशीत शिरत होता. पाणी तेव्हा फरशीवर वीतभर होतं. तिने दोन्ही हात वर केले. दादांनी ते बघितलं, आणि त्यांना वाटलं वर जायला मावशी टेम्पोला हात करतेय. ती नेहमी तसं करायची. मधोमध आले तेव्हा पाणी चाकाच्या वर आलं. टेम्पोचं मागचं अंग सरकलं आणि फरशीवरून खाली गेलं.

दोर दोनदा वाहून गेला. तिसऱ्यांदा तो करंजाला बांधून दोन माणसं टेम्पोपर्यंत पोचली. पहारीने धोंडा हलवायचा प्रयत्न केला, तो हलला नाही. पाणी थोडं उतरलं तेव्हा टेम्पो स्वतःच एका बाजूला कलला आणि हात सुटला. दादांना माझ्या बाजूच्या काठावर आणलं. मी त्यांच्या हाताला माझी ओढणी गुंडाळली. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमी कशा काय हितं?" त्यांना माझा फोन कळलाच नव्हता. मोबाईल टेम्पोत होता आणि गाणी लावलेली होती.

भोरच्या दवाखान्यात त्यांना जीपने नेलं. मी गेले नाही. पाणी उतरल्यावर मी फरशी ओलांडून वर खोलीत गेले. कॉम्प्युटर चालूच होता. त्याला काही झालं नव्हतं. त्याच्या दृष्टीने सगळं नीट होतं. टाकीच्या चित्रातलं निळं आता हळूहळू खाली येत होतं. ओढ्याच्या चित्रात पाणी तळाशी, शांत. आज जे काही झालं होतं, त्याची त्याच्याजवळ नोंद होती ती अशी, की दुपारी टाकी भरली म्हणून मोटर बंद केली, ओढा कोरडा असल्याने दिवा हिरवा ठेवला.

मी या वेळी बंद करून चालू केला नाही. आधी बघितलं. कुठली केबल कुठल्या भोकात आहे ते लिहून घेतलं. मग नियमाची फाईल उघडून दोन ओळी लिहिल्या. वरच्या भोकात जी येईल तिचं नाव ओढा. खालच्या भोकात जी येईल तिचं नाव टाकी. प्रोग्रॅममध्ये शून्य आणि एक काढून ही नावं घातली. केबली काढल्या, उलट्या क्रमाने खोचल्या. नावं बरोबर आली. परत काढल्या, परत खोचल्या. दहादा तरी केलं असेल. सगळं मिळून पाऊण तासाचंही काम नव्हतं.

मामा आत आले. त्यांचे कपडे ओले होते आणि ते माझ्याकडे न बघता खाटेवर बसले.

"मामा, ती चूक माझी आहे," मी म्हणाले. आणि त्यांना सगळं सांगितलं, वहीतल्या त्या ओळीसकट.

त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लोक विचारतील तर म्या सांगीन, केबल खराब निघाली. त्यात खोटं काय हाय? केबलीचा नंबर सारखा निघाला ही काय तुझी चूक न्हाई."

"नंबर सारखा आहे हे मला माहीत होतं."

"कुणाला कळायचं हाय त्यातलं?" मामा म्हणाले.

ते त्यांनी मायेने म्हटलं होतं. पण मला त्या वाक्याची भीती वाटली. खरंच कुणाला कळणार नव्हतं. पंचवीस-तीस मैलांत ते कळणारं माणूस मी एकटी होते, आणि मी गप्प बसले तर ते कधी झालंच नाही असं होणार होतं.

मावशीला मात्र सांगावं लागलं नाही. ती टाकीपाशी चावी फिरवत होती. मी जवळ जाऊन उभी राहिले आणि म्हणाले, "तुम्ही मला सांगितलं होतं मावशी. मी ऐकलं नाही."

ती म्हणाली, "व्हय."

एवढंच. तिने मला धीर दिला नाही, बोलही लावला नाही. तिचा एक तळपाय फाटला होता, त्याला तिने चिंधी बांधली होती.

पाचव्या दिवशी मी दवाखान्यात गेले. दादांच्या उजव्या हाताची तीन बोटं काढावी लागली होती. त्यांची बायको बाहेर डबा धुवायला गेली होती. मी स्टुलावर बसले आणि सांगायला सुरुवात केली. केबली, नंबर, शून्य आणि एक. त्यांना त्यातलं कितपत समजलं मला माहीत नाही. मी शेवटी म्हणाले, "दिवा लाल व्हायला हवा होता. माझ्यामुळे झाला नाही."

त्यांनी मान छताकडे वळवली. मग म्हणाले, "ताई, मला पानी दिसत हुतं."

मी स्टूल जरा जवळ ओढलं.

"तांबडं हुतं. पाचोळा येत हुता. गाणी चालू हुती तरी म्या दगडांचा आवाज ऐकला. येकदा ब्रेकवर पाय बी गेला. पर दिवा हिरवा हुता. मनात म्हनलं, आपल्यालाच भास व्हतोय."

मी त्याआधी विचार करत होते की माझ्या यंत्राने एक दिवस खोटं सांगितलं. त्याने त्याआधीचं सबंध वर्ष काय केलं होतं, ते मला त्या स्टुलावर कळलं. इतक्या वर्षांचा सराव असलेल्या माणसाच्या कानावरचा विश्वास मी काढून घेतला होता, आणि त्या बदल्यात जे दिलं होतं ते दोन सारख्या केबलींपैकी कोण आधी जागी होते यावर चालत होतं.

वस्तीने बैठक घेतली. काही जण म्हणाले दिवा काढा, काही म्हणाले आता दुरुस्त झालाय तर राहू द्या. मी उभी राहून सगळ्यांपुढे सांगितलं की चूक केबलीची नाही, माझी आहे. कुजबुज झाली. कुणी काही लागट बोललं नाही, पण त्या दिवसानंतर मला तिथे कुणी आपणहून चहाला बोलावलं नाही. मामा सोडून. शेवटी असं ठरलं की दिवे राहतील, पण फरशीच्या दोन्ही बाजूंना साखळी लावायची. डोंगरात काळं झालं की मावशीने किंवा मामांनी जाऊन ती ओढायची, दिवा काहीही म्हणो. दादांना पुढे टेम्पो चालवता आला नाही. त्यांचा मेहुणा चालवतो. ते आता डेअरीवर बसतात, डाव्या हाताने लिहायला शिकले आहेत. भेटले की बोलतात. ताई म्हणतात. पण नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे असते.

मी मात्र त्यानंतर दुकानातल्या जुन्या वह्या काढल्या. त्या बनावटीच्या केबली मी आणखी कुठे लावल्या होत्या ते शोधलं. तशी चार ठिकाणं निघाली. पहिली दोन ठीक होती, तिथे एकेकच केबल होती. तिसरं ठिकाण शिवऱ्याला, एका पोल्ट्रीत. दोन शेडमध्ये दोन तापमापक, एकाच कॉम्प्युटरला. मी गेले, आधी बघितलं, आणि नावं उलटी होती. किती दिवसांपासून, कुणाला माहीत नव्हतं. डाव्या शेडमध्ये उकडलं की उजव्या शेडचे पंखे चालू होत होते. मालक म्हणाला, "डावीकडं कोंबड्यांची मर जरा जास्त हाय या वर्षी. जागाच खराब हाय ती, वाडवडील बी म्हनायचे." मी नियम लिहिला आणि त्याला खरं कारण सांगितलं. त्याने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्याच्या वाडवडिलांना खोटं पाडलं होतं.

चौथं ठिकाण पानशेतच्या पाण्याच्या काठावर एक बंगला आहे. तिथेही अशाच दोन केबली एकाच कॉम्प्युटरला लावल्या होत्या. मालक शनिवार-रविवारी यायचे, आता येत नाहीत. परदेशी गेले असं म्हणतात. त्यांचा नंबर लागत नाही. मी तिथे दोनदा गेले. फाटकाला कुलूप असतं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा राखणदार भेटला, पण आतल्या खोलीची किल्ली त्याच्याजवळ नव्हती. मी विचारलं, आतला कॉम्प्युटर चालू आहे का.

"चालू हाय की," तो म्हणाला. "मोटरी आपोआप चालू व्हत्यात, आपोआप बंद व्हत्यात. दिवं बी लागत्यात. एकदम झ्याक चाललंय. काय बिघडलंय का?"

फाटकाच्या गजांतून मला पोर्चमधला दिवा दिसत होता. दुपारचे बारा वाजले होते आणि तो लागलेला होता. तो तसा लागायला हवा होता की नाही, हे मला तिथून कळायला काही मार्ग नव्हता.

"लाईट गेली होती का मधे?" मी विचारलं.

"पावसाळ्यात जातीच की," तो म्हणाला. "यिती परत."

मी त्याला माझा नंबर एका कागदावर लिहून दिला. मालकांचा फोन आला तर लगेच मला कळवा म्हटलं. त्याने तो खिशात घातला. अजून फोन आलेला नाही.